पगारपत्रकातील दोनशे रुपये

मुंबई, पुणे, सोलापूर येथील कोणत्याही कचेरीत नोकरी करणाऱ्या गृहस्थाने महिनाअखेरीस हाती येणारे आपले पगारपत्रक एकदा निरखून पाहावे. भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकर, विम्याचा हप्ता ह्या ठळक वजावटींच्या खाली एक लहानशी ओळ असते : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारी महिन्यात हाच आकडा ३०० होतो आणि वर्षाची बेरीज बरोबर २,५०० भरते. प्राप्तिकराविषयी तावातावाने बोलणारे आपण सारे ह्या ओळीविषयी अवाक्षर काढीत नाही. दोनशे रुपयांसाठी कोण डोके शिणविणार? हे पैसे कशासाठी कापले जातात असे कोणी विचारलेच, तर शंभरातील नव्वद जण सरकार कापते म्हणून कापले जातात एवढेच उत्तर देतील. वस्तुतः ह्या दोनशे रुपयांना एके काळी एक पत्ता होता. भूम-परंड्याच्या माळावर पाझर तलावाच्या बांधावर माती टाकणाऱ्या, रस्त्याच्या कडेला खडी फोडीत बसलेल्या मजुराचा तो पत्ता होय. तो पत्ता कसा पुसला गेला आणि तो पुन्हा लिहिणे आता का अगत्याचे झाले आहे, ह्याचा विचार नोकरदार वाचकांनी करावा, म्हणून आज हा विषय आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांची पिढी आता सरत चालली आहे. त्या काळी आजचा लातूर जिल्हाही उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडत असे; तो वेगळा झाला १९८२ साली, आणि उस्मानाबादचे नाव शासनदप्तरी धाराशिव झाले ते २०२३ मध्ये. बालाघाटाच्या उतारावर, मांजरा, तेरणा आणि सीना ह्या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या ह्या मुलखात पाऊस बेभरवशाचा आणि जमीन अनेक ठिकाणी हलकी. दुष्काळ पडला तेव्हा शेतात काम नव्हते, आणि शेतात काम नसले की घरात धान्य नव्हते. सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. सुकडीची पाकिटे आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी ह्यांची आठवण मराठवाड्यातील जुन्या घरांत अजून निघते. परंतु त्या दुष्काळाने महाराष्ट्राला आणखी एक गोष्ट शिकविली. धान्य बाजारात असूनही माणसे उपाशी राहतात, कारण ते विकत घेण्यास लागणारी मजुरी त्यांच्या हाती नसते. म्हणजे मजुराला धर्मादाय अन्नछत्रापेक्षा कामाची अधिक गरज असते, आणि ते काम सरकारच्या मर्जीवर अवलंबून न राहता त्याच्या हक्काचे असावे लागते.

हा विचार नवा नव्हता. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे ह्यांनी साठच्या दशकातच तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्याचा प्रयोग करून पाहिला होता. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिला कायद्याचे रूप आले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागेल त्या प्रौढ माणसास पंधरा दिवसांच्या आत अंगमेहनतीचे काम, आणि ते देता आले नाही तर बेकारभत्ता, असे अभिवचन कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते. वर्षातून इतकेच दिवस काम मिळेल, अशी कसलीही अट त्या कायद्यात नव्हती. काम मोजून दाम, आणि बाईला व पुरुषाला एकच दर, हे तत्त्वही त्यात होते. ज्या काळी शेतमालक बायकांना पुरुषाच्या निम्मी मजुरी देताना संकोचत नसत, त्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती.

परंतु आमच्या मते ह्या कायद्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या अर्थव्यवस्थेत होते. योजना काढणे सोपे असते; पैसा कोणी द्यावयाचा, हे सांगणे अवघड असते. त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी ते सांगितले. मोटारगाड्यांवर व विक्रीवर जादा कर बसविला, बागायती जमिनीवर जादा आकारणी केली, शहरातील बिगरशेती जमिनीलाही हात घातला; आणि १ एप्रिल १९७५ पासून नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी ह्या सर्वांवर व्यवसाय कर बसविला. ह्या करांतून जितकी रक्कम जमेल तितकीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, असेही ठरले. ज्याला बाराही महिने रोजगार आहे त्याने, ज्याला चारच महिने आहे त्याच्यासाठी थोडेसे द्यावे, हा ह्या करामागचा साधा न्याय होता. विधिमंडळातील सर्व पक्षांनी तो मान्य केला. ह्या मान्यतेमागे शहराचा स्वार्थ नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. मराठवाड्यातील मजूर आपल्या गावी पोट भरू शकला तर तो मुंबईच्या पदपथावर येणार नाही, हा हिशेब अनेकांच्या मनात होता. पण ज्या करारात दोन्ही बाजूंचा स्वार्थ साधतो तोच टिकाऊ होतो. शहर आणि खेडे ह्यांच्यामधला असा उघड करार स्वतंत्र भारतात दुसरा झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

ह्या कराराला तडा गेला तो १९८८ साली, आणि गंमत अशी की त्या वर्षी घडलेल्या दोन्ही घटना दिसण्यात चांगल्या होत्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात रोजगार हमीवरील मजुरी शेतमजुरांच्या किमान वेतनाच्या बरोबरीस आणण्यात आली. ती जवळजवळ दुप्पट झाली. त्याच वर्षी संसदेने साठावी घटनादुरुस्ती करून व्यवसाय कराची वार्षिक कमाल मर्यादा २५० रुपयांवरून २,५०० रुपयांवर नेली. मजुराचा दर वाढला आणि तो दर देण्याची ऐपत वाढविण्याचा मार्गही मोकळा झाला; ह्याहून अधिक काय हवे? परंतु घडले ते उलटेच. दर वाढताच कामे आटू लागली. मागेल त्याला काम हे कागदावर राहिले, आणि काम कोठे व केव्हा निघेल हे कचेऱ्या ठरवू लागल्या. पुढील एकदोन वर्षांत योजनेवरील मनुष्यदिवसांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. इकडे कर मात्र येतच राहिला. हमीच्या नावाने जमा होणारी रक्कम पुरती हमीवर खर्च होत नाही, ही तक्रार त्यानंतर अभ्यासकांनी आणि चळवळीतील कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केली. एका हाताने दर वाढवावा आणि दुसऱ्या हाताने काम काढून घ्यावे, ही युक्ती सरकारांना तेव्हापासून जी साधली ती आजतागायत.

दुसरा तडा २००५ च्या केंद्रीय कायद्याने गेला, असे म्हटले तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल. कारण तो कायदा महाराष्ट्राच्याच अनुभवावर उभा होता आणि देशातील कोट्यवधी कुटुंबांना त्याने आधार दिला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु त्या कायद्यान्वये दर कुटुंबास वर्षाकाठी शंभर दिवसांपर्यंतच्या अकुशल कामाच्या मजुरीचा सगळा भार केंद्राने उचलला. शंभर दिवसांपुढील कामाची जबाबदारी तेवढी महाराष्ट्राने आपल्याकडे ठेवली. खर्चाचा मोठा भाग असा दिल्लीकडे गेला, आणि ज्या खर्चासाठी व्यवसाय कर बसविला होता तो कर मात्र मुंबईतच राहिला. तो रद्द करावा असे कोणी म्हटले नाही. तो मजुरीच्या दरात भर घालण्यासाठी वापरावा असेही कोणी म्हटले नाही. कारण नाहीसे झाले आणि वजावट तेवढी उरली, अशी ही स्थिती आहे.

आता ह्या वजावटीचीच तऱ्हा पाहा. १९८८ साली २,५०० रुपये ही काय रक्कम होती? चौथ्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या वर्ग एकच्या अधिकाऱ्याचे आरंभीचे मूळ वेतन २,२०० रुपये ठरविले होते. म्हणजे अशा अधिकाऱ्याच्या महिन्याच्या मूळ वेतनाहून अधिक कर वर्षाकाठी घेता येईल, इतकी ती मर्यादा सैल होती. सातव्या वेतन आयोगाने त्याच पायरीवरील मूळ वेतन ५६,१०० रुपये केले, म्हणजे पंचवीस पटींहून अधिक. कराची मर्यादा मात्र २,५०० रुपयांवर जी गोठली ती गोठलीच. परिणामी महाराष्ट्रात आज दरमहा बारा हजार रुपये मिळविणारा दुकानातील नोकर आणि दरमहा तीन लाख मिळविणारा कंपनीचा व्यवस्थापक हे दोघेही वर्षाला सारखेच २,५०० रुपये भरतात. पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून ह्या करातून वगळण्यात आले, हे योग्यच झाले. पण दुकानातील त्या पुरुष नोकराने काय अपराध केला? गरिबांसाठी म्हणून बसविलेला कर ज्या दिवशी गरिबालाच अधिक टोचू लागतो, त्या दिवशी त्याची नैतिक बाजू संपते.

आणि ज्याच्यासाठी हे सारे मांडले होते तो धाराशिवचा मजूर आज कोठे आहे? केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातील मागासलेले जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव हे चार त्यांत आले. गडचिरोलीत जंगल आहे, नंदुरबारला सातपुड्याचे डोंगर आहेत. धाराशिव तर पुण्या-सोलापूरच्या वाटेवरचा उघडा मुलूख आहे. त्याच्या मागासलेपणाला दुर्गमतेची सबब चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर होती आणि शंभरातील त्र्याऐंशी माणसे खेड्यांत राहत होती. मोठ्या कारखानदारीचा आधार नाही. सोयाबीनच्या पेऱ्याने पूर्वीची ज्वारी-तूर मागे सारली, आणि सोयाबीनची काढणी आटोपली की शेतमजुराचे हात रिकामे होतात.

२०२५ च्या सप्टेंबरात तर सोयाबीनची काढणीही आली नाही. ज्या परंडा-भूमने पिढ्यान्पिढ्या आभाळाकडे डोळे लावून दिवस काढले, तेथे सीनेला आणि तिच्या ओढ्यानाल्यांना असा पूर आला की माणसे वाचविण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. उभी पिके गेली, जनावरे गेली, आणि अनेक ठिकाणी जमिनीवरची मातीच वाहून गेली. राज्य सरकारने ऑक्टोबरात ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, ह्याविषयी दुमत नाही. पण ती मदत हेक्टरी मोजली जाते. ज्याच्या नावावर हेक्टर नाही त्याचे काय? काढणीच्या दोन महिन्यांच्या मजुरीवर ज्याचा पुढील चार महिन्यांचा किराणा अवलंबून असतो, त्याचे बुडालेले उत्पन्न कोणत्या पंचनाम्यात लिहिले गेले? त्याच्यासाठी सरकारपाशी एकच साधन होते, ते म्हणजे रोजगार हमीचे काम. खरडून गेलेल्या जमिनी पुन्हा कसण्याजोग्या करण्यासाठी हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे हमीतून करण्याची घोषणा त्या साहाय्यातच होती. शेतकऱ्याची माती आणि मजुराची मजुरी एकाच कामातून परत यावी, अशी संधी क्वचितच येते. परंतु हमीची मजुरी किती होती? २०२५-२६ ह्या वर्षी महाराष्ट्रासाठी दिवसाला ३१२ रुपये. त्याच वर्षी हरियाणात हा दर ४०० रुपये होता.

हे ३१२ रुपये मजुराच्या हाती केव्हा पडतात, ही दुसरी कहाणी. २००५ च्या कायद्याप्रमाणे हजेरीपत्रक बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी मिळावयास हवी होती. न मिळाल्यास थकलेल्या रकमेवर दिवसाला शेकडा ०.०५ इतकी भरपाई होती. वाचकांनी हिशेब करून पाहावा. सात दिवसांच्या मजुरीचे २,१८४ रुपये अडकले, तर दिवसाची भरपाई एक रुपया नऊ पैसे होते. एवढ्या पैशांत तालुक्याच्या बँकेपर्यंत एक फेरीदेखील होत नाही. आणि ही मजुरी दर वर्षी ज्या निर्देशांकाने वाढते त्याचे पायाभूत वर्ष २०२५ पर्यंत १९८६-८७ हे होते. म्हणजे शेतमजुराच्या घरी मुलांच्या शिकवणीचा, दवाखान्याचा आणि मोबाइलचा खर्च आला, तरी सरकार त्याची महागाई जुन्याच घरखर्चाच्या मापाने मोजीत होते. आपला महागाईभत्ता वर्षातून दोनदा वाढतो आणि वेतन आयोगामागून वेतन आयोग येतो, हे ह्या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही.

घरी काम नाही, असले तर दर अपुरा, आणि तोही वेळेवर नाही; अशा वेळी मजूर काय करतो? तो उचल घेतो. कळंब, वाशी, भूम, परंडा ह्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्याकडे निघतात. बीडचे नाव ह्याबाबतीत अधिक घेतले जाते, परंतु धाराशिवची वाट निराळी नाही. मुकादमाने आगाऊ दिलेली रक्कम फिटेपर्यंत नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', फडात राबते. एकाने दिवस मोडला की 'खाडा' लागतो. मुले कोपीत, शाळा गावाकडे. ह्या खाड्याच्या धास्तीने बायका दुखणी अंगावर काढतात. आणि २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढलेल्या ऊसतोड स्त्रियांची जी भयंकर हकीगत बाहेर आली, ती ह्याच व्यवस्थेच्या पोटातून आली.

ऊसतोडणीचा दर ठरतो तो कारखाने आणि संघटना ह्यांच्या वाटाघाटींतून. जानेवारी २०२४ मध्ये तो तीन वर्षांसाठी ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे ३६७ रुपये झाला. वाढ मोठी दिसते. पण एका जोडीने पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत दोन टन ऊस तोडला असे धरले, तर माणशी तेवढेच ३६७ रुपये पडतात. आता हा आकडा हमीच्या ३१२ शेजारी ठेवून पाहा. अंतर ५५ रुपयांचे. ह्या पंचावन्न रुपयांसाठी, आणि हातात आधी पडणाऱ्या उचलीसाठी, माणूस आपले घर, मुलांची शाळा आणि बायकोची प्रकृती पणाला लावतो. आमच्या सांगण्याचा गाभा हाच आहे. धाराशिवातील हमीच्या कामाचा दर आणि त्याची खात्री ही केवळ हमीवर जाणाऱ्यांची बाब नाही. पलीकडे सांगलीच्या फडात कोयत्याला काय मिळावे, हेही तीच ठरविते. ज्याला घरी चारशे रुपयांचे काम निश्चित मिळते, तो मुकादमापुढे मान खाली घालून उभा राहत नाही. किमान वेतनाचे कायदे फडात पोहोचत नाहीत. तेथे निरीक्षक कोठून जाणार? पण मजुराच्या खिशात दुसरा पर्याय असला की तोच त्याचा निरीक्षक होतो.

कारखान्यांविषयी सरकारने कधी हात आखडता घेतलेला नाही. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सहकारी साखर कारखान्यांना जुन्या प्राप्तिकराच्या मागणीतून सुमारे १०,००० कोटी रुपयांची सवलत मिळाली. उसाला रास्त व किफायतशीर दर द्यावा ह्यासाठी कायदा आहे, आणि २०२५-२६ साठी तो क्विंटलला ३५५ रुपये ठरला. ऊस पिकविणाऱ्याला दिल्लीने ठरविलेला दर आहे, ऊस गाळणाऱ्याला करसवलत आहे. ऊस तोडणाऱ्याच्या वाट्याला टनामागे दहा रुपयांच्या वर्गणीवर चालणारे एक कल्याणकारी महामंडळ आले आहे. त्या महामंडळाला आम्ही नावे ठेवीत नाही. मुलांची वसतिगृहे त्याने काढावीतच. परंतु कल्याण हे मजुरीची जागा घेऊ शकत नाही.

येथे आमचा मध्यमवर्गीय वाचक अस्वस्थ होऊन विचारील, की कर आम्ही भरावयाचे आणि आणखी किती भरावयाचे? हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. पगारदाराचा कर उगमापाशीच कापला जातो, व्यापाऱ्याप्रमाणे किंवा मोठ्या बागाईतदाराप्रमाणे त्याला तो चुकविता येत नाही, ही तक्रार खरी आहे. पण 'करदाता' ही पदवी आपणच एकट्याने मिरवावी, हे खरे नव्हे. धाराशिवच्या आठवडे बाजारात साबण, खोबरेल तेल, दंतमंजन घेणारी मजूर बाई तोच वस्तू व सेवा कर भरते, जो आपण भरतो. साबणावरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत शेकडा १८ होता, मग तो ५ वर आला. तिच्या मिळकतीचा बहुतेक पैसा बाजारातच जातो, त्यामुळे तिच्या रुपयावर ह्या कराचा भार आपल्या रुपयापेक्षा अधिक पडतो. दुसरे असे, की २०२५ च्या अर्थसंकल्पाने वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील प्राप्तिकर नव्या पद्धतीत माफ केला. बरोबर बारा लाख मिळविणाऱ्याचे त्यामुळे ८०,००० रुपये वाचले. हमीवर पुरे शंभर दिवस राबणाऱ्या कुटुंबाची २०२५-२६ मधील मजुरी ३१,२०० रुपये होते. एका घराला सवलतीत जितके मिळाले, तितके मिळविण्यास दुसऱ्या घराला अडीच वर्षे माती उपसावी लागेल. ही सवलत चुकीची होती असे आमचे म्हणणे नाही. तीतील एक लहानसा हिस्सा ज्या करारावर आपल्या वडीलधाऱ्यांनी सही केली होती त्याच्याकडे वळवावा, एवढीच आमची सूचना आहे.

ही सूचना आजच करण्याचे कारण असे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. 'विकसित भारत' हे शब्द आरंभी असलेल्या त्याच्या लांबलचक नावाविषयी आम्ही काही बोलत नाही. आशयाविषयी मात्र बोलले पाहिजे. त्यात दिवस शंभरावरून सव्वाशे झाले आहेत, ही जमेची बाजू. उलटपक्षी, महाराष्ट्रासारख्या राज्यांनी खर्चाचा ४० टक्के भाग, मजुरीसह, आपण सोसावा असे त्यात म्हटले आहे. केंद्राचा हिस्सा आधी ठरलेल्या नियतव्ययापुरताच राहणार आहे. आणि शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. मजुरीचा दर ठरविण्याचा अधिकार दिल्लीकडेच आहे. ज्याचा पैसा वाढला त्याचा शब्द वाढला नाही, अशी ही विचित्र भागीदारी झाली. मराठवाड्यात पैसा आणि पाऊस ह्यांचे वेळापत्रक जुळत नाही. २०१५-१६ च्या टंचाईत किंवा २०२५ च्या पुरात कामाची मागणी नियतव्ययाचा आकडा पाहून वाढली नव्हती. नियतव्यय संपला म्हणून काम थांबले, तर हमी हा शब्द कायद्याच्या नावात राहील आणि मजूर मुकादमाच्या दारात.

म्हणजे महाराष्ट्राला पुन्हा आपला पैसा शोधावा लागणार आहे, आणि तो कोठे शोधावा हे महाराष्ट्राला १९७५ पासून ठाऊक आहे. व्यवसाय कराची घटनेतील मर्यादा वाढविण्याची मागणी राज्याने संसदेकडे करावी. ती वाढेल तेव्हा वाढो; तोपर्यंतही दरमहा पंधरावीस हजार मिळविणाऱ्यांना करातून मोकळे करणे राज्याच्या हाती आहे. मर्यादा वाढल्यावर लाखाच्या वर वेतन असलेल्यांनी महिन्याला पाचशे-सातशे रुपये दिले तर कोणाच्याही घरची चूल थंड पडणार नाही. मात्र ह्या कराचा निधी वेगळा असावा, त्यात राज्याने पूर्वीप्रमाणे आपली भर घालावी, आणि त्यातून केंद्राच्या दरावर राज्याची भर देऊन धाराशिव, बीड, जालना अशा स्थलांतराच्या जिल्ह्यांत तरी दिवसाची मजुरी चारशेच्या पुढे न्यावी. कोणत्या जिल्ह्यात किती मागणी आली, किती दिवस काम दिले आणि किती दिवसांनी पैसे पोहोचले, ह्याचे विवरण दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर सभागृहापुढे यावे.

ह्यावर दोन आक्षेप निश्चित येतील. एक म्हणजे भ्रष्टाचार. हमीच्या कामांवर खोटी हजेरीपत्रके झाली, मेलेल्यांच्या नावाने मजुरी उचलली गेली, यंत्राने केलेले काम माणसांच्या नावावर दाखविले गेले. हे कोणी नाकारू नये. पण त्यावर उपाय म्हणून मजुरालाच दिवसातून दोनदा छायाचित्रासाठी उभे करण्यात आले आणि गावात मोबाइलची लहर गेली की त्याची हजेरी गेली. चोरी ठेकेदाराने करावयाची आणि झडती मजुराची घ्यावयाची, हा न्याय आम्हांला उमगत नाही. दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा : हमीवर दर वाढला की शेतीला मजूर मिळत नाहीत. लहान शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे, कारण त्याच्या सोयाबीनला भाव मिळत नाही. परंतु ज्या गावातून मजूर पाच-सहा महिने परागंदा होतात, त्या गावच्या शेतकऱ्याला मजूर मिळत नाहीत ते हमीमुळे की हमी नसल्यामुळे? बांधबंदिस्ती, विहिरी, फळबागा ही हमीची कामे त्याच्याच शिवारात होतात. महाराष्ट्राने १९९० साली फळबाग लागवड हमीला जोडली, तिचा लाभ कोणाला झाला हे मराठवाड्यातील आंबा-मोसंबीच्या बागाच सांगतील. मजुराला गावात ठेवण्यातच लहान शेतकऱ्याचे हित आहे.

मुकादमांच्या उचलीचे वाटप पावसाळ्यातच सुरू होते. एकदा उचल घेतली की त्या कुटुंबाचा हिवाळा विकला गेलेला असतो. मग दिवाळीनंतर निघालेल्या कामाचा त्याला काडीचा उपयोग नाही. म्हणून राज्य सरकारला जे काही ठरवावयाचे असेल ते उसाच्या हंगामाच्या आधी ठरवावे. धाराशिवच्या आठही तालुक्यांत कामाच्या मागणीचे अर्ज पावसाळा संपण्यापूर्वी गावोगाव घ्यावेत, पुराने खरडलेल्या शिवारांचे आराखडे त्याच वेळी मंजूर करून ठेवावेत आणि पहिली मजुरी दसऱ्यापूर्वी खात्यावर पडेल अशी तजवीज करावी. व्यवसाय करातून गेल्या वर्षी किती जमले आणि त्यातले हमीवर किती गेले, हा प्रश्न मराठवाड्यातील आमदारांनी येत्या अधिवेशनात विचारावाच. पण मुंबई-पुण्याच्या आमदारांनीही तो विचारला पाहिजे, कारण ते पैसे त्यांच्याच मतदारांच्या पगारातून कापले गेले आहेत.